सात नंबरची बाटली

सर,

माझा डावा बूट वाजतो. उजवा वाजत नाही, आणि खरं दुःख तेच आहे. दोन्ही वाजले असते तर लोक म्हणाले असते, बूट नवे आहेत. एकच वाजतो तेव्हा लोकांना वाटतं, माणसातच काहीतरी बिघाड आहे. अकोल्याच्या ज्या दुकानदाराने हा जोड मला दिला त्याने देवाच्या तसबिरीकडे बोट दाखवून सांगितलं होतं की कातडं मऊ आहे, चूं करणार नाही. आज दुपारी संग्रामपूरच्या मोटारीतून उतरून मी नांदुऱ्याच्या बाजारातून स्टेशनापर्यंत चालत आलो, तर कापसाच्या गाड्यांचे बैल माना वळवून बघायला लागले. स्टेशनाबाहेरच्या मोच्याने बूट हातात घेतला, वाकवला, कानाशी नेला आणि वैद्याच्या गांभीर्याने परत केला. "याले काई नाई झालं सायेब. हा बोलका हाय." आता मी वेटिंग रूममध्ये बसलो आहे, गाडी दोन तास उशिरा आहे, आणि मी पाय हलवला की समोरच्या बाकावर झोपलेले गृहस्थ डोळे न उघडता शिवी देतात. या अन्यायाची प्रांतिक सरकारने चौकशी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर तक्रार तुमच्याकडे करतो, कारण बुटांच्या आवाजावर अधिकाराने बोलणारा दुसरा माणूस मला आयुष्यात भेटला नाही.

प्रयोगशाळेत वाजणारा बूट तुम्हाला खपत नसे. "बाहेर जा, बूट तिथे ठेव आणि फक्त पाय घेऊन आत ये," असं तुम्ही भिंगावरचा डोळा न काढता म्हणायचे. त्यामुळे आमच्या वर्गातली निम्मी मुलं औषधांच्या वासात, गार फरशीवर अनवाणी उभी राहून बेडूक कापायला शिकली. तुम्ही पुण्याकडचे. नागपूरला येऊन विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचे, आणि त्यातही तुमचा जीव कुठे, तर दुसऱ्याच्या अंगात राहून त्याचंच खाणाऱ्या जंतांवर. त्यांच्याविषयी तुम्ही इतक्या मायेने बोलायचे की घरी काकूंना हेवा वाटत असेल. पुढे मी शास्त्र सोडलं आणि वर्तमानपत्रात माणसांविषयी लिहून पोट भरायला लागलो, तेव्हा विषय फारसा बदलला असं मला कधी वाटलं नाही.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा झालो आहे, म्हणजे तुम्ही गेलात त्या वयापेक्षा. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगायची गोष्ट एकच होती, आणि ती सोडून मी प्रांतातल्या सगळ्यांना सगळं सांगितलं.

नारूचं काम. विद्यापीठाने तुम्हाला थोडी मदत दिली, जिल्ह्याने एक ओव्हरसियर दिला, आणि वऱ्हाडी समजणारा विद्यार्थी म्हणून तुम्ही मला उचललंत. माझ्या वडिलांची शेती देऊळघाटाला, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातलं सगळं मला कळतं असा तुमचा समज होता. तो मी मोडला नाही. वैशाखात आपण नांदुऱ्याला उतरलो आणि बैलांच्या दमणीतून पूर्णा नदीपलीकडे संग्रामपूरच्या बाजूच्या त्या गावात गेलो. तुमचं भिंग तुम्ही सबंध रस्ता मांडीवर धरलं होतं, गाडी खड्ड्यात गेली की तुम्ही स्वतः आपटायचे पण मांडी स्थिर ठेवायचे. त्या सगळ्या पट्ट्यात पाणी खारं, गोडं पाणी मोजक्या पायविहिरींत. पायविहीर म्हणजे जिच्यात पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं. ज्याच्या पायातून नारू बाहेर येतो आहे तो माणूस घागर भरायला शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभा राहतो. नारू पाण्यात आपली पिल्लं सोडतो. पाण्यातले बारीक किडे ती गिळतात. आणि गाव ते किडे पितं. वर्षभराने पुढच्या माणसाच्या पायातून सुतळीएवढा नारू हातभर निघतो. हे तुम्ही मला दमणीत शिकवलंत, आणि गाडीवाला मागे वळून म्हणाला, "मास्तर, हे जेवाच्या आंधी नोका सांगू."

काम सोपं होतं. गावात सात पायविहिरी. मी प्रत्येक विहिरीत शेवटच्या पायरीपर्यंत उतरायचं, बाटली बुडवून भरायची, आकडा चिकटवायचा. तुम्ही भिंगाखाली किडे मोजायचे. ज्या विहिरीत ते सापडतील तिच्या पायऱ्या बुजवून, वर कठडा बांधून, रहाट बसवायचा. ओव्हरसियरकडे यादीचा कागद तयार होता. तुमची सही झाली की बांधकाम. नेमकं सांगायचं तर बाटलीवर विहीर अवलंबून होती, आणि बाटली माझ्यावर.

आपला मुक्काम पाटलांच्या ओसरीवर. पहिल्याच दिवशी पाटील पानाला चुना लावता लावता मला म्हणाले, "तुमी देऊळघाटचे ना? मंग तुमाले सांगा नाई लागत. साहा इहिरी गावातल्या, सातवी महारवाड्यातली. तिकडं गेले तर आंघोळ केल्याबिगर ओसरीवर येऊ नोका बाप्पा. घरात बायका हायेत, मले आयकून घ्या लागते." तुम्ही बाजूलाच बसून वहीवर रेघा मारत होतात. "काय म्हणाले?" असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "ऊन फार आहे म्हणाले." तुमचा दुभाषा म्हणून मी केलेलं ते पहिलं भाषांतर.

सहा विहिरींत मी उतरलो. सातवी वस्तीच्या टोकाला होती. भर दुपार. मी वर एका लिंबाखाली उभा राहिलो, पायऱ्या समोर दिसत होत्या, मोजल्या तर चौदा-पंधरा असतील. सर, मी सोवळ्या-ओवळ्याचा माणूस नव्हतो. नागपूरला खाणावळीत काय काय खाल्लं होतं ते वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला गोठ्यात ठेवलं असतं. सभेत जाऊन समतेवरच्या भाषणांना टाळ्या पिटल्या होत्या. पण त्या पायऱ्यांशी माझे पाय थांबले. डोक्याने काही ठरवलंच नाही, पायांनी ठरवलं. शिवाय संध्याकाळी पुन्हा आंघोळ, पाटलाच्या घरातल्या बायकांची कुजबुज, वेगळं वाढलेलं ताट. माझा सगळा धर्म त्या दुपारी एका ताटाएवढा होता.

जवळच्या घराच्या दारात एक बाई धान्य निवडायला बसली होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. मी लांबूनच बाटली जमिनीवर ठेवली आणि म्हटलं, "बाई, एवढी भरून देता का? तुमच्या विहिरीचं पाणी पाहिजे."

"काऊन? तहान लागली का?"

"नाही, तपासायला. सरकारी काम आहे."

"सरकारी हाय आन् मले भराले लावता?" ती हसली, पण उठली. बाटली घेऊन ती पायऱ्यांकडे गेली नाही, घरात गेली. आतून तिचा आवाज, "आत्ताच आनलं हाय, इहिरीचंच हाय." दारातून मला रांजण दिसला. त्याच्या तोंडावर लुगड्याचा दुपदरी तुकडा बांधलेला. तिने तो सोडला, वाटीने बाटली भरली, काठोकाठ. शेजारच्या दारातून एक म्हातारी ओरडली, "कापड बांधते पान्याले! बामनीन झाली वं हे, बामनीन! आता सायेबाले बी शिदा देशीन का?" आणि बाई तिला म्हणाली, "तुह्या पोराचा पाय पाह्य आंधी, मंग बोल."

मी ते ऐकलं. मला वऱ्हाडी समजतं म्हणून तर मला नेलं होतं. मी बाटलीवर सात आकडा चिकटवला आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन आल्यावर तुम्ही भिंग मांडलंत. एक, दोन, तीन, सहाही विहिरींत किडे. तुम्ही खूश, जंत सापडला की तुम्ही खूशच. सातव्या बाटलीचा थेंब तुम्ही बराच वेळ बघितलात. पुन्हा थेंब घेतलात. पुन्हा. मग डोळा उचलून म्हणालात, "एकही नाही! अरे, एकही नाही!" तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुढे कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. गावाने ज्या विहिरीला बाहेर टाकलं तीच गावातली एकुलती स्वच्छ विहीर! शास्त्राने दिलेली अशी चपराक तुम्हाला हवीच होती. मग वस्तीतल्या लोकांना नारू का होतो? तेही तुम्ही पाच मिनिटांत बसवलंत. ते पाटलांच्या शेतावर राबतात, तिथल्या विहिरीचं पितात, तिथून आणतात. सगळं जुळलं. मी तुमच्यामागे उभा होतो आणि दुपदरी लुगडं माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू पसरत चाललं होतं. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? तुम्ही रागावला असतात, मी उतरून दुसरी बाटली आणली असती, दुपारपर्यंत विषय संपला असता. पण तुम्ही मला विचारलंत, "उतरलास ना नीट? शेवटची पायरी?" आणि मी म्हटलं, "हो सर."

दोन शब्द. माझं आजवरचं सगळ्यात छोटं लिखाण.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला वस्तीत सभा. तुम्ही, ओव्हरसियर, मी. पाटीलही आले, दोन माणसं घेऊन, आणि लिंबाच्या अलीकडेच थांबले. ओव्हरसियरने यादी वाचली. सहा विहिरी. वस्तीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. काठी घेतलेला एक म्हातारा पुढे आला. "सायेब, आमची राह्यली. आमच्या इहिरीत लय नारू हाय. पोट्टे पडून राह्यले, पेरनीले मानूस नाई भेटत."

लिंबाखालून पाटील म्हणाले, "त्याइले फुकटचा रहाट पायजे मास्तर. तुमी तपासलं ना? मंग झालं."

तुम्ही मला विचारलंत काय म्हणाले, आणि या वेळी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तुमचा चेहरा लाल झाला, पाटलावर. तुम्ही त्या म्हाताऱ्याला अगदी हळू, शुद्ध मराठीत समजावलंत की बाबा, तुमचं पाणी या गावात सगळ्यात चांगलं आहे, मी स्वतः पाहिलंय. म्हाताऱ्याने मान हलवली. "दिसत नसीन. पन हाय." मग तुम्ही कोणाला काही न विचारता म्हाताऱ्याच्या हातातला लोटा घेतलात, बूट काढलेत आणि पायऱ्या उतरायला लागलात.

मला आता दिसतंय ते. तुमचे गोरे तळवे, एकेक पायरी. खाली शेवाळलेलं हिरवं पाणी. वस्तीतली बायामाणसं काठावर गोळा होतायत, पाटील दोन पावलं पुढे येतायत, आणि तुम्ही लोटा बुडवून वर चढून येताय. लोट्यातून पाणी ठिबकतंय. तुम्ही लोटा ओठांशी नेताय.

"सर, नको!"

एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. सगळे माझ्याकडे वळले. तुम्ही लोटा खाली घेतलात. "का नको?"

मला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं होतं. आणि लिंबाखालून पाटील हसले, "पोरगं शहानं हाय मास्तर. घरची शिकवन हाय त्याले." म्हातारा जमिनीकडे बघायला लागला. निवडायला बसलेली ती बाई गर्दीत उभी होती, ती माझ्याकडेच बघत होती. आणि तुमच्या डोळ्यांत मी बघितलं, तुम्हालाही तेच वाटलं होतं. तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विटाळापासून वाचवतो आहे. सर, मी ते तसंच राहू दिलं. तिथे मला दोनच पर्याय होते, खोटारडा दिसणं किंवा हलका दिसणं, आणि मी हलका दिसणं पसंत केलं. त्यात गंमत अशी की मी दोन्ही होतो.

तुम्ही माझ्याकडे बघत बघत, थांबून थांबून, सबंध लोटा प्यायलात. मग तो म्हाताऱ्याच्या हातात दिलात आणि मला म्हणालात, "माझ्या प्रयोगशाळेत बूट काढून यायला मी शिकवलं. डोकं काढून नव्हे." यादीवर तुमची सही झाली. सहा विहिरी.

त्यानंतरचं एक वर्ष मी तुमच्या पायांकडे बघत काढलं. तुम्ही सात दिवसांत मला माफ केलंत, तो तुमचा स्वभाव. तुम्हाला वाटलं असेल, तरुण आहे, सुधारेल. तुम्ही फळ्यावर लिहायला वळलात की मी घोटे बघायचो. तुम्ही मोजे घालायचे, त्या मोज्यांवर माझा राग होता. तुम्ही एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकलात तर मी वहीत तारीख टाकायचो. तुम्हीच शिकवलं होतं की वर्ष लागतं, त्यामुळे मी महिने मोजत होतो. तुमचा निबंध विद्यापीठाच्या पत्रिकेत आला, सात विहिरींच्या तक्त्यासह. सातव्या ओळीत एक सुबक शून्य. शेवटी माझे आभार होते. ती पत्रिका मी वडिलांना दाखवली, त्यांनी ती देवघरात ठेवली. सांगण्यासारखे दिवस त्या वर्षात तीनशे तरी होते. दर दिवशी आदल्या दिवशीपेक्षा ते थोडं अवघड झालेलं असायचं.

पुढच्या वैशाखात एके सकाळी तुम्ही वर्गात चप्पल घालून आलात. डाव्या घोट्यावर फोड. तुम्ही इतके आनंदात होतात की मला तुमची किळस आली, खरं सांगतो. "या, या, पुस्तकात बघण्यापेक्षा इथे बघा," म्हणून तुम्ही टेबलावर बसलात आणि मला म्हणालात, "पाण्याचं भांडं आण, आणि धर." मी गुडघ्यावर बसून भांडं धरलं. तुम्ही पाय गार पाण्यात सोडलात. फोड फुटला, दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात पसरलं, आणि मागून दोऱ्यासारखं टोक वर आलं. मुलं भिंगापुढे रांग लावून उभी राहिली. तुम्ही ते टोक काडीला गुंडाळलंत, रोज बोटभर ओढायचं, जास्त ओढलं की तुटतो, हे समजावत होतात, आणि तुमच्या कपाळावरून घाम गळत होता. मी मान फिरवली. "घाबरतोस काय? मला दुखतंय, तुला नव्हे," तुम्ही म्हणालात.

वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत. "आता कामाचं. गेल्या वैशाखात मी कुठकुठलं पाणी प्यायलो ते आठव. तू बरोबर होतास." मी वही घेतली. नांदुऱ्याच्या स्टेशनवरचं. वाटेतल्या मळ्यातलं. पाटलांच्या घरचं, ते पहिल्या विहिरीतलं. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होतो. मग माझ्या हाताने आपणहून लिहिलं, वस्तीतली सातवी विहीर. तुम्ही वही ओढून घेतलीत, त्या ओळीवर रेघ मारलीत. "ही नाही. ही तू स्वतः बघितलेली आहे."

सर, तुम्ही नारूवर संशय घेतलात, पाटलावर, स्टेशनवर, स्वतःच्या आठवणीवर. माझ्यावर घेतला नाहीत.

तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच. महिनाभराने अकोल्याच्या एका साप्ताहिकात 'एका नारूचं आभारपत्र' छापून आलं. त्यात सातव्या विहिरीतला एक नारू विद्यापीठाच्या विद्वान प्राध्यापकांचे जाहीर आभार मानतो, की आपण आमच्या निवासस्थानाला स्वच्छतेचा दाखला दिलात, आमच्या पायऱ्या वाचवल्यात, आणि एवढ्यावर न थांबता स्वतःच्या घोट्यात आम्हाला जागा दिलीत. लोक पोट धरून हसले. बुलढाण्याच्या कचेरीत ते मोठ्याने वाचलं गेलं म्हणे. अधिकाऱ्यांना लाज वाटली, ओव्हरसियरला पुन्हा पाठवलं, या वेळी तो स्वतः उतरला, बाटली भरून आणली, तीत किडे निघाले, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत सातव्या विहिरीच्या पायऱ्या बुजल्या, कठडा बांधला, रहाट बसला. शास्त्राने जे केलं नाही ते टवाळीने केलं, असं मी पुढे अनेक सभांत सांगून टाळ्या घेतल्या. तुमची पुढची मदत थांबली. निबंध मागे घ्यावा असं तुम्हाला सुचवण्यात आलं. तुम्ही घेतला नाहीत, पण नंतर काही लिहिलंही नाहीत. गेलात त्या वर्षापर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक शिकवत राहिलात. एकदा कॉलेजच्या व्हरांड्यात तुम्ही तो अंक हातात घेऊन मला म्हणालात, "कोणी लिहिलंय कोण जाणे, पण विनोद चांगला आहे. आणि माझं चुकलंच कुठेतरी." मी म्हटलं, "हो सर." पुन्हा तेच दोन शब्द.

ते मी लिहिलं होतं. विहीर बांधली जावी म्हणून लिहिलं, हे खरं आहे. 'बाटली माझी होती' एवढं लिहूनही ती बांधली गेली असती, हेही खरं आहे. पण त्यात हसण्यासारखा माणूस मी झालो असतो.

गेल्या महिन्यात मी विद्यापीठाच्या पत्रिकेसाठी दुरुस्ती लिहायला बसलो. इंग्रजीत, थोडक्यात: अमक्या निबंधातल्या तक्त्यातली सातवी नोंद चुकीची आहे, ते पाणी विहिरीतलं नव्हतं, एका घरातलं दुपदरी कापडाने गाळलेलं होतं, नमुना घेणारा विद्यार्थी विहिरीत उतरला नव्हता, चूक प्राध्यापकांची नाही, त्या घरात नारू नव्हता, आणि ही गोष्ट ज्या बाईमुळे कळू शकली असती ती म्हणजे... आणि इथे पेन थांबलं. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. पाटलाचं नाव मला बापाच्या नावासकट पाठ होतं.

म्हणून आज मी गेलो. रहाटावर गर्दी होती. ती बाई आता म्हातारी झाली आहे, पण ओळखायला वेळ लागला नाही. तिलाही लागला नाही. मी बाटलीची गोष्ट काढली तर म्हणाली, "बाटली नाई याद. तो पुन्याचा सायेब याद हाय, इहिरीत उतरला तो. तुमी लिंबाखाली होते."

"हो. मी लिंबाखाली होतो."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे म्या गाळलं म्हनून आमची इहीर राह्यली?"

"नाही. मी उतरलो नाही म्हणून राहिली."

"हाव," ती म्हणाली. "त्या साली माह्या देराचा पाय आखडला, येगळा राहे तो. मंग सरय झालाच नाई. वावरात जाता नाई आलं त्याले कधी." तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मी रागाची तयारी करून गेलो होतो. त्यामुळे मला कुठे बघावं कळेना. मी कागद काढला आणि नाव विचारलं.

"नाव काऊन पायजे? वारंट हाय का?"

"छापायला. गाळल्यावर नारू होत नाही, हे तुम्हाला आमच्याआधी माहीत होतं, असं लिहायचं आहे."

ती हसली, त्या दुपारसारखीच. नाव सांगितलं. मी लिहिलं. मग म्हणाली, "वाचून दाखवा." मी इंग्रजीचं मराठी करून वाचलं, या वेळी एक शब्दही न गाळता. शेवटाला आल्यावर तिने बोटाने कागद थांबवला. "हे बराबर नाई. मले काय ठाव होतं? माह्या मायनं शिकवलं. इकडं देली तवा लुगड्याचा तुकडा देल्ला तिनं, म्हने त्या गावचं पानी खराब हाय. तिचं नाव टाका आंधी. मंग माहं."

सर, इतकी वर्षं शास्त्राजवळ राहून आणि इतकी वर्षं शास्त्राची टिंगल करून, श्रेय कोणाचं हे एवढ्या चोखपणे सांगणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. मी आईचं नाव वर लिहिलं, तिचं खाली. ती नावं इथे लिहीत नाही. जिथे लिहायला हवी होती तिथे लिहिली आहेत. त्या दुरुस्तीखाली माझी पूर्ण सही आहे आणि तिच्यात एकही विनोद नाही, यावर विश्वास ठेवा. मघाशी स्टेशनावरच्या पेटीत ते पाकीट टाकलं. टाकल्यावर आत पडल्याचा आवाज ऐकेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

गाडीची घंटा झाली. एक राहिलं. त्या पाकिटात बाटलीचं सगळं आहे. आभारपत्र कोणी लिहिलं ते नाही. तेवढं फक्त या कागदावर आहे, आणि हा कागद मी खिशात ठेवतो आहे.